विचारणारीचा आवाज

“बोला, डॉक्टरीणबाई. जिराफाच्या मानेत मणके किती?”

“सात.”

“आणि तुमच्या मानेत?”

“सातच. सगळ्या माणसांच्या असतात तेवढेच.”

“मग तुमचीच मान एवढी ताठ कशी काय हो?”

अभ्यासाला बसण्यापूर्वी तहसीन पटेलने शाल्मली बिडवेला हा शेवटचा प्रश्न विचारला नाही, असा दिवस उगवला नव्हता. त्याला उत्तर नसायचे. शाल्मली नाक फुगवायची, तहसीन खिदळायची आणि मग खऱ्या अभ्यासाला प्रारंभ व्हायचा.

औशाच्या शाळेत शिंगणापुरे बाईंनी या दोघींची जोडी लावली, त्याला बरीच वर्षे लोटली होती. बाई करड्या होत्या. वर्गातली सगळी मुले त्या जोडीजोडीने बसवीत आणि एकमेकांना प्रश्न विचारायला लावीत. त्यांचा नियम एकच, पण त्यात सवलत नव्हती: ज्याने उत्तर दिले त्याने लगेच पुढचा प्रश्न विचारायचा. उत्तर देऊन, शाबासकी घेऊन कोणी गप्प बसला, की बाई त्याला उभे करीत. “तुला कोणीतरी विचारलं म्हणून तुला सांगता आलं ना? मग आता तू विचार. घेऊन पळायचं नाही.”

तो नियम दोघींनी लातूरच्या खोलीतही पाळला. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेच्या शिकवणीसाठी त्या तिथे एकत्र राहत होत्या. वडिलांच्या आजारपणात तहसीनचे एक वर्ष वाया गेले होते, त्यामुळे तिचा हा दुसरा प्रयत्न होता. शाल्मलीचा तिसरा. आणि नव्या कायद्याने परीक्षेला तीनदाच बसता येत असे. या वेळी जागा मिळाली नाही, तर डॉक्टर होण्याचे दार तिच्यापुरते कायमचे बंद होणार होते. गावात तिची आई अंगणवाडीत मदतनीस होती. दोनदा अपयश येऊनही त्या माउलीने कोणापुढे मान खाली घातली नव्हती. “माझी पोर होणार म्हणजे होणार,” असे ती सांगे. त्या वाक्याचे ओझे शाल्मली उशाशी घेऊन झोपत असे.

आता शिकवणीतून मिळालेल्या पट्टीविषयी सांगायला हवे.

माणसाची आठवण कपाटात ठेवलेल्या वस्तूसारखी असते, असे पूर्वी समजत. ती समजूत चुकीची ठरली. आठवण बाहेर काढली, की ती काही काळ ओल्या मातीसारखी मऊ होते आणि मग पुन्हा वाळते. पुन्हा वाळताना आजूबाजूचे जे काही असेल तेही तिच्यात बसून जाते. एखादी गोष्ट वारंवार आठवल्याने पक्की होते ती यामुळे, आणि वारंवार सांगितलेली हकिकत हळूहळू बदलत जाते तीही यामुळेच. कानामागे चिकटवायची ती लहानशी पट्टी एवढेच करी: डोक्यात उत्तराचा शोध सुरू झाला की तिला ते उमगे, आणि उत्तर सापडताक्षणी सौम्य विद्युत्स्पंद देऊन ती माती एकदम भट्टीत घातल्यासारखी पक्की करी. महिन्याची घोकंपट्टी दिवसात होई. मोठ्या शिकवण्यांमध्ये परीक्षेच्या आधीच्या हंगामात सगळ्यांना पट्ट्या मिळू लागल्या होत्या.

पट्टीबरोबर प्रश्न विचारणारे यंत्रही येई. त्याचा आवाज दर बैठकीला बदलत असे: कधी बाईचा, कधी पुरुषाचा, कधी म्हाताऱ्याचा. तोच वापरावा, अशी सूचना होती. ती का आहे, हे मात्र कोणी विचारले नाही.

“हा मेला दवाखान्यातल्या लिफ्टसारखा बोलतो,” तहसीनने पहिल्याच दिवशी निकाल दिला. “प्रश्न विचारायलाय का तळमजला आलाय म्हणून सांगायलाय, काय कळंना. बंद कर ते. आपण आपलं विचारू.”

शाल्मलीने यंत्र बंद केले. जन्मभर एकमेकींना विचारून शिकलेल्या मुलींना त्यात काही वावगे वाटले नाही. दुसरे कोणी असते तर सूचना पाळून सुखात राहिले असते.

*

पट्टी लावल्यापासून खोलीत दोघींची उत्तरे विजेसारखी येऊ लागली.

“डॉक्टरीणबाई, पित्त कुठं तयार होतं? पित्ताशय म्हणालीस तर लाथ घालीन.”

“यकृतात. पित्ताशयात नुसतं साठतं. आता तू सांग. झाडं जो ऑक्सिजन सोडतात तो कशातून येतो?”

“पाण्यातून. कार्बन डायऑक्साइडमधून न्हाई. मला फसवायलीस काय गं?”

पण शिकवणीतल्या सराव परीक्षांचे निकाल विपरीत लागू लागले. तहसीन चढत गेली आणि शाल्मली उतरत गेली. खोलीत जे तोंडपाठ, ते वर्गातल्या बाकावर कोरे. प्रश्न वाचावा, तो ओळखीचा वाटावा, उत्तर जिभेच्या शेंड्याशी यावे आणि तिथेच विरघळावे. आधी तिने ते भीतीवर ढकलले, मग झोपेवर. शेवटच्या सरावात मात्र, गेल्या वर्षी झोपेतही आले असते असे साधे प्रश्नही चुकले, आणि तहसीन वर्गात दुसरी आली. त्या संध्याकाळी शाल्मलीच्या मनात एक विचार शिरला. तो हलका होता हे तिलाही कळत होते. पण बुडणारे माणूस हाताला काय लागते आहे ते निवडत बसत नाही.

दोघी पट्ट्या लावून बसल्या होत्या. तहसीनने नेहमीप्रमाणे सुरुवात केली. “बोला, डॉक्टरीणबाई…”

“मला तसं म्हणू नकोस.”

“का गं? काय झालं?”

“काय झालं ते तुला माहीत नाही? माझ्याबरोबर रोज बसतेस. तुझं वाढतंय, माझं आटतंय. तू मला काहीतरी चुकीचं पक्कं करून द्यायलीस. मुद्दाम. जागा मोजक्याच असतात, नाही का?”

तहसीनचा चेहरा आधी काही न कळल्यासारखा झाला, मग सगळे कळल्यासारखा. तिचा आवाज मुळातच भरदार होता. त्या खोलीत तो भिंतींना जाऊन थडकला.

“पहिल्यांदा बसलीस तेव्हा तर मी नव्हते ना? तेव्हा कुणी आटवलं गं तुझं? तुझ्यात मुळातच न्हाई शालू, तर मी काय करू?”

ती पिशवी भरून निघून गेली. जाताना तिने कानामागची पट्टी ओरबाडून गादीवर टाकली, तेव्हा कुठे शाल्मलीचा हात आपल्या पट्टीकडे गेला.

*

दुसऱ्या दिवसापासून जे सुरू झाले, त्यापुढे आधीचे कोरेपण बरे म्हणायची पाळी आली. पुस्तक उघडले, कोणताही प्रश्न वाचला, की उत्तराच्या जागी तहसीनचा आवाज उठे: तुझ्यात मुळातच न्हाई. हृदयाच्या ठोक्याचा उगम विचारला तरी तेच, परागकणांचे विचारले तरी तेच. तिने कान दाबून पाहिले. आवाज कानातून येत नव्हता.

अखेर ती शिकवणीतल्या होनराव मॅडमकडे गेली. मेंदूचे शास्त्र शिकलेल्या या बाई मुलांच्या तक्रारी ऐकायला बसत. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, “यंत्राचा आवाज बंद केला होता?”

“हो.”

“आणि भांडताना पट्ट्या लावलेल्या होत्या?”

“…हो.”

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाळ, आवाज रोज बदला असं आम्ही काही हौसेनं सांगत नाही. उत्तर पक्कं होताना विचारणारीचा आवाज त्यात बसतो. एकच आवाज रोज आला, तर तो त्या उत्तराची किल्लीच होऊन बसतो. तुझं सगळं जीवशास्त्र तुझ्या मैत्रिणीच्या आवाजाच्या कुलपात आहे. नुसता वाचलेला प्रश्न ते उघडू शकत नाही. आणि परवा त्याच आवाजावर तुम्ही भांडण भाजून पक्कं केलंत.”

“मग आता?”

“सोडवता येतं. तिनंच विचारायला हवं, पट्टी तुला लावलेली असताना. ती विचारेल तो प्रश्न तू आधी स्वतःच्या आवाजात पुन्हा म्हणायचास आणि मग उत्तर द्यायचंस. म्हणजे किल्ली तुझ्या हातात येते. पण एका माणसाचं एका दिवसात निम्म्याहून जास्त होत नाही. मेंदू तेवढंच उघडू देतो, आणि तेवढ्यालाही अख्खा दिवस जातो.”

“तिच्या आवाजाचं रेकॉर्डिंग चालेल?”

“नाही. समोर जिवंत माणूस लागतं. अडलीस की थांबणारं, तुझ्या तोंडाकडे बघून पुन्हा विचारणारं.” मॅडमनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “आणखी एक ऐकून जा. आवाज निघतो तेव्हा एकटा निघत नाही. चिकटवलेला कागद सोडवताना भिंतीचा रंगही थोडा येतो. त्या आवाजाबरोबर तुला जे वाटत होतं, तेही जाईल. जेवढं सोडवशील तेवढं.”

परीक्षा परवावर आली होती. काय वाटते आणि काय जाईल, याचा विचार करायला शाल्मलीला सवड नव्हती. तिने दोन्ही पट्ट्या पिशवीत घातल्या आणि औशाची बस धरली.

*

तहसीनची आई दारातच शिवणयंत्रावर बसली होती. शाल्मलीला पाहताच तिने पाय थांबवला.

“आलीस का गं बाई! ही आल्यापासून ना धड खाती ना बोलती. भांडलात व्हय?”

“हो, चाची.”

“मंग जा वर गच्चीवर, मिटवून या. मी भाकऱ्या टाकते. उपाशी पोटी भांडण मिटत नसतंय.”

तहसीन गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसली होती. मांडीवर पुस्तक उघडे होते. तिने वर पाहिले नाही.

बसमध्ये शाल्मलीने वाक्ये जुळवली होती. ती सगळी विसरून ती टाकीपाशी उभी राहिली.

“मान दुखत न्हाई का गं तुझी?” तहसीन पुस्तकातच बघत म्हणाली.

“दुखते.”

“मंग?”

“चुकले मी, तहसीन. घाण बोलले. तू तसं करणार नाहीस हे मला बोलतानाही माहीत होतं.”

तहसीनने पुस्तक मिटले. तिचे डोळे सुजलेले होते. शाल्मलीला वाटले, ते आपल्या शब्दांमुळे असणार. ते अर्धेच खरे होते.

“मी पण बोलायला नको होतं तसं,” तहसीन म्हणाली. “पण आधी एक काम कर. मला काहीतरी विचार. पुस्तकातलं, कायपण.”

“लाल रक्तपेशीत केंद्रक का नसतं?”

“हिमोग्लोबिनला जास्त जागा मिळावी म्हणून.” तहसीनने श्वास सोडला, जणू पाण्याखालून वर आली. “बघ. हाच प्रश्न मी सकाळपासनं वाचायलेय. वाचला की फळा पुसल्यासारखा कोरा! घरी आल्यापासनं एक उत्तर येईना झालंय, शालू. एक न्हाई.”

“पण तू तर वर्गात दुसरी आलीस!”

“तू माझ्या मागं बसतीस. पेपर वाचताना पुटपुटतीस, शाळेपासनं. बाई ओरडायच्या तुला, आठवतंय? मी तुझं पुटपुटणं ऐकायचे आणि मला यायचं. मला वाटायचं माझंच येतंय.”

पुढे काय, ते सांगायची गरज नव्हती. परीक्षा केंद्रावर दोघींच्या खोल्या वेगळ्या होत्या. तिथे कोणी कोणासाठी पुटपुटणार नव्हते.

शाल्मलीने मॅडमचे सगळे सांगितले. किल्ली कशी हातात येते ते सांगितले, काय निघून जाते तेही सांगितले. हातात दोन दिवस होते. दोन दिवसांत एकीचे पूर्ण सुटेल, किंवा दोघींचे निम्मे निम्मे. आणि निम्म्यावर जागा मिळणे अवघड, हे दोघींनाही पक्के ठाऊक होते.

“दोन्ही दिवस तू घे,” तहसीन म्हणाली. “तुझी शेवटची आहे. मला अजून एक डाव आहे.”

“नाही. आज माझं, उद्या तुझं.”

“येडी झालीस का?”

“उत्तर दिलं की विचारायचं. घेऊन पळायचं नाही.” त्या घटकेला शाल्मलीला मैत्रिणीसाठी जीवही द्यावासा वाटत होता. अशा घटकेला शब्द देणे सोपे असते.

*

आधी भांडण सोडवावे लागले. पहिल्या काही प्रश्नांना शाल्मली अडत राहिली. तहसीन विचारी, आणि तिच्या आवाजामागून तोच आवाज उठे: तुझ्यात मुळातच न्हाई. पण समोरची जिवंत तहसीन थांबत होती, वाकून बघत होती, “घाबरू नको, सावकाश,” म्हणत होती. हळूहळू त्या ओरडण्याची धार बोथट झाली आणि उत्तरे वाहू लागली.

“मूत्रपिंडात गाळणं कुठं होतं?”

“मूत्रपिंडात गाळणं कुठं होतं?” शाल्मली स्वतःच्या आवाजात म्हणे. “ग्लोमेरुलसमध्ये.”

“हृदयाचा ठोका कुठनं सुरू होतो?”

“हृदयाचा ठोका कुठून सुरू होतो? उजव्या अलिंदातल्या एसए नोडमधून.”

ऊन गच्चीच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला गेले. त्या दिवशी त्यांनी सगळा प्राणिशास्त्राचा भाग सोडवला. शाल्मलीने पुस्तक उघडून पाहिले: प्रश्न वाचताच उत्तर हजर. स्वच्छ, कोरडे, धुतलेल्या भांड्यासारखे. तिला रडू यायला हवे होते. आले नाही.

“पुढचा?” ती म्हणाली.

“अगं, संपलं आजचं. घसा बसला माझा.” तहसीन हसली. “बरं सांगा डॉक्टरीणबाई, जिराफाच्या मानेत…”

“ते झालंय आपलं. दुसरं घे.”

तहसीनचे हसू ओठांवरच राहिले. शाल्मलीने ते पाहिले. एखाद्या अनोळखी बाईच्या हातातली पिशवी फाटलेली दिसावी, तसे पाहिले. पाण्याचा तांब्या तिच्याच हाताशी होता. तहसीनला खोकला लागला, तरी तो पुढे करावा हे तिच्या ध्यानात आले नाही. तहसीनने उठून स्वतःच पाणी घेतले.

खाली जेवायला बसल्यावर चाचीने दोघींच्या ताटात वाढले, “मिटलं ना?” विचारले, आणि दोघींनी मान हलवली. भाकरीचा घास तोडताना शाल्मलीच्या मनात हिशेब सुरू झाला, आणि त्याला अडवणारे आत काही उरले नव्हते. उद्याचाही दिवस मिळाला तर पूर्ण पेपर आपल्या हातात येईल. तहसीन स्वतःच म्हणाली होती, घे म्हणून. तिला पुढच्या वर्षी बसता येईल. दोघींनी बुडण्यापेक्षा एक तरली तर काय बिघडले? आपली आई गावात काय सांगेल? एकेक कारण येऊन शहाण्यासारखे रांगेत बसले. आज सकाळी असे एक जरी कारण मनात आले असते, तरी तिला स्वतःची शिसारी आली असती. आता काहीच वाटले नाही. होनराव मॅडम ज्याला भिंतीचा रंग म्हणाल्या होत्या, तो हाच, हे तिला समजले. समजले, पण दुखले नाही. दुखत नाही, याची तेवढी भीती वाटली.

*

सकाळी तहसीन गच्चीवर आली ती पट्टी हातात घेऊनच. ती तिने शाल्मलीपुढे धरली.

“लाव. वनस्पतीशास्त्र पण तुझंच करून टाकू.”

“आज तुझा दिवस आहे.”

“काल तुझं तोंड बघितलंय मी. तू आता माझ्यासाठी काही करशील ते उपकार म्हणून करशील. मला तुझे उपकार नकोत, शालू. घे आणि पास हो.”

हात पुढे करायचा तेवढा अवकाश होता. शाल्मलीने स्वतःच्या आत डोकावून पाहिले. इतक्या वर्षांची माया जिथे होती, तिथले अर्धे घर रिकामे होते, आणि उरलेल्या अर्ध्यातून येणारा आवाज फार क्षीण होता. त्याच्या जोरावर कोणी आपले आयुष्य पणाला लावणार नाही.

पण त्या रिकाम्या घरात एक वस्तू अजून जागेवर होती. ती कोणत्याही आवाजाला चिकटलेली नव्हती, म्हणून तिला कोणी सोडवून नेऊ शकले नव्हते. काल आपण शब्द दिला होता. देताना काय वाटत होते, ते आता आठवत नव्हते. पण दिलेला शब्द पाळायला काहीतरी वाटावे लागते, असे शिंगणापुरे बाईंनी कधी शिकवले नव्हते. माया असताना तर कोणीही शब्द पाळतो.

तिने पट्टी घेतली, आणि तहसीनचे केस बाजूला सारून तिच्या कानामागे लावली.

“उपकार नाहीत,” ती म्हणाली. तिचा स्वर कोरडाच होता. “काल मी उत्तरं दिली. आज मी विचारणार. बस खाली.”

तहसीन बसली.

तो दिवस शाल्मलीला जन्मभर पुरला. ती प्रश्न विचारी आणि तिच्या आवाजासरशी तहसीनच्या तोंडावर ओळख उमले, इतक्या वर्षांची, खोड्यांची, एका ताटातल्या जेवणाची. मग तहसीन तो प्रश्न स्वतःच्या आवाजात म्हणे, उत्तर देई, आणि ती ओळख मावळे. पुन्हा प्रश्न, पुन्हा उमलणे, पुन्हा मावळणे. आपल्याच हाताने दिवे मालवत जावे आणि प्रत्येक दिवा मालवताना त्याने आपल्याकडे पाहून हसावे, असे ते चालले होते. दुपारी एकदा शाल्मलीला वाटले, थांबावे. पण थांबणे म्हणजे घेऊन पळणे होते. तिने पुढचा प्रश्न विचारला.

उन्हे उतरताना तहसीनने पट्टी काढली, घडी घातल्यासारखी व्यवस्थित समोर ठेवली आणि म्हणाली, “थँक्यू हं. फार वेळ दिलास.”

बसमध्ये जागा करून देणाऱ्या परक्या मुलीला म्हणावे, तसे.

*

परीक्षेच्या सकाळी दोघी एकाच बसने लातूरला आल्या. शेजारी बसल्या, पण बोलायला काही सुचले नाही. तहसीनने खिडकी हवी का विचारले, शाल्मली नको म्हणाली. तेवढेच.

केंद्राच्या फाटकापाशी दोन रांगा होत्या. तहसीन डावीकडच्या रांगेत गेली, शाल्मली उजवीकडच्या. रांगेत उभ्या उभ्या शाल्मलीने स्वतःला तपासले. प्राणिशास्त्र: प्रश्न आठवला की उत्तर समोर. मग वनस्पतीशास्त्र. परागनलिकेतून किती पुंयुग्मके जातात? काही नाही. पुन्हा म्हणून पाहिले. काही नाही. ते कुलूप तसेच होते, आणि त्याची किल्ली डावीकडच्या रांगेत, पाठ फिरवून, शांत उभी होती. जीव कासावीस होणे म्हणजे काय, ते तिला तेव्हा कळले. अर्धा पेपर कोरा. शेवटचा डाव, आणि अर्धा पेपर कोरा. आई आता अंगणवाडी झाडत असेल, आणि कोणीतरी विचारलेच तर मान वर करून सांगत असेल.

डाव्या रांगेत तहसीन फाटकाजवळ पोचली.

शाल्मली रांगेतून बाहेर आली. ती हळू आवाजाची मुलगी होती. शाळेत बाईंना तिला दोनदा बोलायला लावावे लागे. त्या सगळ्या गर्दीवरून ती ओरडली:

“तहसीन! जिराफाच्या मानेत मणके किती?”

माणसे वळून पाहू लागली. दाराशी उभा रखवालदार खेकसला, “ओ ताई! रांगेत! काय बाजार आहे का हा?”

तहसीन थबकली. हा प्रश्न शाल्मलीने तिला कधीच विचारला नव्हता. तो तहसीनचा होता. म्हणून तो ना कोणत्या पट्टीने भाजला गेला होता, ना कोणी सोडवून नेला होता. तिच्या कपाळावर आठी आली. दूर कुठेतरी ठेवलेली वस्तू अंधारात चाचपावी, तसे तिचे डोळे झाले.

“सात,” ती म्हणाली.

“मग आता तू विचार!” शाल्मलीचा आवाज फाटला. “उत्तर दिलंस ना? घेऊन पळायचं नाही!”

“अहो, आत व्हा की!” रखवालदाराने तहसीनला खुणावले. मागच्यांनी ढकलले. ती फाटकाच्या आत एक पाऊल गेलीही. आणि तिथून, गजांच्या पलीकडून, मान वळवून, आपण हे का विचारतो आहोत ते कळत नसल्यासारखी, ती सावकाश म्हणाली:

“आणि… तुमचीच मान एवढी ताठ कशी काय हो, डॉक्टरीणबाई?”

म्हणता म्हणता तिचे डोळे भरून आले. तिने बोटाने ते पुसले, बोटाकडे नवलाने पाहिले, आणि गर्दीने तिला आत नेले.

त्या दिवशीच्या पेपरावर कोणाला जागा मिळेल आणि कोणाला नाही, हे अजून कोणालाच माहीत नव्हते. बाकावर बसवलेला संगणकाचा पडदा उजळला. पहिलाच प्रश्न वनस्पतीशास्त्राचा होता. शाल्मली तो वाचून गेली. आत शांतता होती. तिने डोळे मिटले. तिने उत्तराला हाक मारली नाही. ते येणार नव्हते. तिने विचारणारीला हाक मारली. बराच वेळ कोणी आले नाही. मग फार लांबून, बसलेल्या घशाचा, भरदार, चेष्टेखोर आवाज आला: बोला, डॉक्टरीणबाई.

शाल्मलीने मान खाली घातली, आणि उत्तर दिले.